मला धुऊन वापरू नका

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे. चहाची नव्हे, हवेची. कारखान्यात बारीक तंतूंच्या कागदाला घड्या घालून मला चौकटीत बसवलं आणि रुग्णालयातल्या एका खोलीच्या छतात चढवलं. ज्यांच्या अंगात रोगाशी लढायची ताकद उरलेली नाही, अशी माणसं या खोलीत राहतात. बाहेरची हवा माझ्यातून गेल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोचत नाही. डोळ्यांना न दिसणारे जंतू, बुरशीचे कण, सगळं मी वर्षानुवर्षं पोटात अडवलं. माणसं बरी होऊन घरी जात, तेव्हा मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटे.

सध्या इथे सात वर्षांची एक मुलगी आहे. तिच्या तोंडाला म्हणून खळ नाही, त्यामुळे सगळे तिला बडबडीच म्हणतात.

भिंतीवर हवेचा दाब दाखवणारा एक काटा आहे. मी तुंबले की तो वर चढतो. गेल्या आठवड्यात तो लाल पट्ट्यात गेला. नवी गाळणी यायला अवकाश होता. बडबडीला शेजारच्या खोलीत हलवून वायरमनकाकांनी मला खाली उतरवलं. काका मोठे कामसू, वस्तू फेकणं त्यांच्या जिवावर येतं. त्यांनी मला नळाखाली धरून खसाखसा धुतलं, गच्चीत वाळवलं आणि परत बसवलं. काटा झर्रकन खाली आला.

"बघा सिस्टर, झाली की नाही नव्यासारखी?"

"कमाल आहे हो काका तुमची!"

मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण वस्तूचं कोण ऐकणार? पाण्याने माझे तंतू फाटले होते. काटा उतरला तो मला भोकं पडली म्हणून. हवा आता सुसाट आत शिरत होती आणि तिच्याबरोबर नको ते सगळं.

बडबडी परत आली. माझ्याखाली उभी राहून तिने छाती भरून श्वास घेतला.

"आई, आता किती छान वारा येतो गं!"



काल प्रयोगशाळेतल्या बाईंनी खोलीत एक ताटली उघडी ठेवली आणि थोड्या वेळाने झाकून नेली. हवेत जे असेल ते त्या ताटलीत उगवतं. "तीन-चार दिवसांत कळेल," त्या म्हणाल्या.

आज सकाळपासून बडबडी खोकते आहे. बोलता बोलता मधेच गप्प होते.

"ठसका लागला असेल. पाणी पी," आई म्हणते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात हे खरंच. पण माझ्यावर ही माया करू नका. मला उचला आणि फेकून द्या. त्या ताटलीची वाट बघू नका, कोणीतरी आजच वर बघा. ती अजून माझ्याखालीच झोपली आहे.