पांढऱ्या रंगाचा एक हात

मित्रांनो, मी एक जुना, चार बोटे रुंदीचा ब्रश आहे. स्वभावाने मी फार हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्हाला नवल वाटणार नाही.

बंदरासमोरच्या दुकानातून मला एका तरुण पेंटरने विकत घेतले, तेव्हा माझे केस मऊ आणि काळेभोर होते. तो जहाजांवर नावे लिहायचा. जहाजाच्या कडेला दोरांनी फळी सोडायची, तिच्यावर बसायचे, खाली पाणी हेलकावे घेत असायचे आणि आम्ही दोघे माणसाच्या उंचीची अक्षरे काढायचो. तो खडूची एक रेघ मारायचा, बाकी सारे माझ्यावर सोपवायचा. संध्याकाळी रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात तो मला इतका चोळून धुवायचा की त्याची बायको म्हणायची, "एवढ्या मायेने कधी स्वतःचं डोकं धुतलं नाहीत."

धक्क्याला लागून एक लांबच लांब गोदाम होते. त्याच्या भिंतीवर खलाशी डांबराने आपल्या बोटींची नावे खरडून जात. पुढे हमालांचा संप झाला आणि पेंटरने त्याच भिंतीवर माझ्याकडून लिहून घेतले, 'आठ तास काम. नववा तास आमचा.' बंदराच्या कचेरीने तीनदा ती अक्षरे पुसली, आम्ही चौथ्यांदा लिहिली. पुसणाऱ्यांना पेंटरने तेव्हा ज्या शिव्या दिल्या, त्या मी तुम्हाला सांगणार नाही. संप मिटल्यावर तिथे साबणाच्या आणि चहाच्या जाहिराती आल्या. त्याही माझ्याच हातच्या.

मग यंत्रावर कापलेली चिकट अक्षरे आली. तासाभरात जहाजाचे नाव चिकटवून माणसे मोकळी होऊ लागली आणि मी डब्यात पडून राहिलो.

पेंटरची मुलगी माझाच दांडा धरून पहिले अक्षर शिकली होती. मोठी झाल्यावर मात्र ती स्प्रेचे डबे घेऊन आली. त्या डब्यांचा मला पहिल्या दिवसापासून राग. हलवले की पोटातली गोळी खुळखुळवत मिरवायचे. धुवायला नको, जपायला नको. तरी ती त्यांना पिशवीत घालून सगळीकडे न्यायची. माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे.

तिने गोदामाच्या भिंतीवर चार बायका काढल्या. पोती उतरवताना सांडलेले धान्य झाडणाऱ्या, हातात केरसुण्या घेतलेल्या. तिसरी बाई म्हणजे तिची आई. लग्नानंतर कितीतरी वर्षे आईने हेच काम केले होते. चित्र बघायला लोक थांबू लागले. चहावाला पेंटरला म्हणाला, "बापापेक्षा लेकीचा हात चांगला आहे हो."

पेंटर हसला. पण घरी आल्यावर त्याने जेवणाचे ताट बाजूला सारले. त्याच्या पोटात काय दुखत होते, ते मला लगेच कळले. माझेही तेच दुखत होते.

महिन्याभराने कचेरीतून निरोप आला. कोणी मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी भिंत पांढरी करून हवी होती. पेंटरला नाही म्हणता आले असते. तो हो म्हणाला.

भिंतीवर त्याने रोलर फिरवला. चेहऱ्यांपाशी मात्र रोलर थांबला. मग त्याने मला पिशवीतून काढले, भिंतीवर आपटून माझे ताठ केस मोकळे केले आणि पांढऱ्या रंगात बुडवले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांनी मी कामाला लागलो होतो, आणि तेही त्या डब्यांची जिरवायला. एकेक डोळा, एकेक कपाळ मी झाकत गेलो. तिसऱ्या बाईपाशी पेंटरने मला पुन्हा रंगात बुडवले आणि तिच्यावरही रंगाचा हात मारला.

घरी बायको दारातच उभी होती. "माझं तोंड पुसून आलात?" तिने विचारले.

"काम आलं, केलं."

"काम कुणीही केलं असतं. तुम्हीच का केलंत?"

मुलगी कोपऱ्यात बसली होती. पेंटर म्हणाला, "लोक तिच्या चित्रापाशी उभे राहून बघायचे. माझ्या अक्षरांपाशी कधी कुणी उभं राहिलं नाही."

"मी राहायचे, बाबा," मुलगी म्हणाली. "शाळेतून येताना रोज. तुमची फळी वर जाईपर्यंत."

पेंटरने पिशवी तशीच कोपऱ्यात सारली. त्या दिवशी त्याने मला धुतले नाही. माझ्याकडे बघवतच नसावे त्याला.

पाहुणे येऊन गेल्यावर तो स्वतः कचेरीत गेला. "आत्ताच तर पांढरी करून दिलीत," साहेब म्हणाले. "चूक झाली माझी. पोरीला परत काढू द्या," पेंटर म्हणाला. चार खेपा घातल्यावर परवानगी मिळाली. मुलीने भरदिवसा चित्र काढले, बापाने शिडी धरली. शेवटी ती म्हणाली, "खाली बायकांची नावं तुम्ही लिहा. अक्षर तुमचंच हवं."

त्याने मला पिशवीतून काढले. पण पांढरा रंग माझ्या मुळाशी दगडासारखा वाळला होता. त्याने रॉकेलमध्ये बुडवले, नखाने खरवडले, काही उपयोग झाला नाही. मग मुलगी दुकानातून नवा ब्रश घेऊन आली, आणि बायकोचे नाव त्याने त्या ब्रशाने लिहिले.

त्या नव्या ब्रशाचा मला आजही हेवा वाटतो. म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमचा ब्रश रोज संध्याकाळी धुऊन ठेवा. काम करून शरमिंदे झाला असाल, त्या दिवशी तर नक्की धुवा. दुसऱ्या दिवशी चांगले काहीतरी लिहायला तो हाताशी असू द्या.