चार युनिट

बायडाबाईने इन्सुलिनच्या पेनची टोपी काढून दातांत धरली आणि पेनाच्या इवल्या खिडकीत चारचा आकडा दिसेपर्यंत मागची कळ फिरवली. पेन चार वेळा टकटकलं. समोर सतरंजीवर बसलेल्या वैष्णवीने टी-शर्ट पोटापाशी मुठीत घट्ट धरला.

“आई, आत्ता नको.”

दातांत टोपी असल्यामुळे बायडाबाईला बोलता येत नव्हतं. तिने भुवईनेच साखर मोजायच्या मशीनकडे दाखवलं. मशीनवर दोनशे सत्त्याण्णव होतं.

चारशे मीटरची पहिली फेरी संपून दहा मिनिटं झाली होती. वैष्णवी तिच्या गटात पहिली आली होती, आणि अजून तिचे खांदे वरखाली होत होते. बारा वाजता अंतिम शर्यत. पहिल्या दोघी विद्यापीठाच्या संघात जाणार होत्या. पण सासूची, म्हणजे बायडाबाईची, अट त्याआधीची होती. निवडीच्या दिवशी साखर अडीचशेच्या वर गेली, की बूट माळ्यावर. हे तिने योगेशच्या, म्हणजे आपल्या लेकाच्या, ताटात भाकरी वाढता वाढता सांगितलं होतं. सातपूरच्या कारखान्यात दिवसभर साहेबाशी भांडणाऱ्या योगेशने तेव्हा मान वर केली नव्हती.

बायडाबाईने टोपी हातात घेतली.

“काय खाल्लंस?”

“काही नाही.”

“मघा त्या मैनाच्या हातात अर्धं केळं होतं. उरलेलं अर्धं कुठं गेलं?”

“तिनेच खाल्लं असेल. तिचं केळं होतं.”

बायडाबाई हसली नाही. वैष्णवीला चौदाव्या वर्षापासून सुई होती. सोयरीक जमवताना भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली, तेव्हा बायडाबाईने भर ओट्यावर सांगितलं होतं, की आठ वर्षं झाली मलाही साखर हाय, मला टाकून देता का? सगळ्या गप्प बसल्या. पण गप्प बसलेल्या बाया विसरत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. सून कुठे चक्कर येऊन पडली असती, तर त्या सगळ्यांत आधी डबे घेऊन बघायला आल्या असत्या.

वैष्णवी सावकाश बोलू लागली, वर्गात मास्तरणीने पुन्हा समजवावं तशी. जीव तोडून धावलं की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. माणूस घाबरलं तरी तेच सुटतं. ते लिव्हरला सांगतं, साठवलेली साखर सोड, हिला लागणार आहे. म्हणून आकडा चढतो. लघवीची पट्टीही तिने तपासली होती; इन्सुलिन कमी पडलं असतं, तर तिचा रंग बदलला असता, तो बदलला नव्हता. तासा-दीड तासात आकडा आपोआप उतरेल. आता वरून इन्सुलिन दिलं, तर ते आणि हे उतरणं मिळून ऐन शर्यतीत साखर तळाला जाईल.

बायडाबाईने सगळं ऐकून घेतलं.

“लिव्हर म्हणजे काय तुझ्या बापाचं गुऱ्हाळ हाय का? काही खाल्लं नाय अन् साखर आली!”

“डॉक्टरांनी लिहून दिलंय. हे बघा.”

वैष्णवीने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. बायडाबाईला आकडे येत. एसटीची पाटी येई. डॉक्टरांचं अक्षर येत नसे, आणि येत नाही हे ती कोणाला कळू देत नसे. तिने कागद हातभर लांब धरला, त्याच्यावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि परत दिला.

“तू वाचशील तेच ह्यात असणार.”

वैष्णवीने कागदाची घडी केली. मग आणखी एक घडी केली. कागद बोटाएवढा झाला, तेव्हा ती म्हणाली, “अर्धा तास द्या. अर्ध्या तासाने परत बघू. एवढासाही उतरला नसेल, तर सुई मी माझ्या हाताने टोचून घेईन. आणि हे बूटही काढून देईन.”

बायडाबाईने मैदानावरच्या घड्याळात पाहिलं. अकराला पाच कमी होते.

“अर्धा म्हंजे अर्धा.”

वैष्णवी उठून कुंपणाच्या भिंतीकडे गेली, जमिनीवर पाठ टेकली आणि पाय भिंतीला वर लावून डोळे मिटले. बायडाबाईने पेन टोपी न लावता तसंच उजव्या हातात धरून ठेवलं.

पाच मिनिटं तिने दम धरला. मग पेन सांभाळत उठली आणि पाण्याच्या पिंपापाशी मैनाला गाठलं. मैना सुरगाण्याकडची, पोटरीवर पट्टी बांधलेली, वैष्णवीच्याच शर्यतीतली. बायडाबाईने तिला केळ्याचं विचारलं ते असं विचारलं, की पिंपाभोवतीच्या आणखी दोघी बाजूला झाल्या.

“सगळं मीच खाल्लं, मावशी,” मैना म्हणाली. “तिला मी देत होते. तिने नुसता वास घेतला आणि परत दिलं.”

“मैत्रिणीला तू तशीबी झाकशील.”

“आज ती माझी मैत्रीण नाही. आज दोनच जागा आहेत.”

बायडाबाई मागे वळली. ती सतरंजीवर परत आली. पेन धरलेला तळवा ओला झाला होता. तिने तो लुगड्याला पुसला. थोड्या वेळाने परत पुसला. ऊन नव्हतं, वारा होता, तरी कानशिलापाशी घामाचा ओघळ आला. तिकडे वैष्णवी भिंतीला पाय लावून पडली होती, आणि तिच्या पोटाची हालचाल इतक्या लांबून दिसत नव्हती. बायडाबाईने मान उंच करून पाहिलं. दिसली नाही. ती अर्धवट उठली. तेवढ्यात वैष्णवीने हाताने माशी हाकलली. बायडाबाई खाली बसली.

तिच्या मनात मशीनचा संशय आला. सगळ्याजणी खरं बोलत असतील, तर एकटं मशीनच खोटं असणार. ते खोटं काढायचा उपाय तिच्याजवळच होता. सकाळी सहाला तिने ह्याच मशीनवर स्वतःची साखर पाहिली होती, एकशे चौतीस. त्यानंतर तिच्या तोंडात दाणा गेला नव्हता. आज संकष्टी. साबुदाण्याच्या खिचडीला ती उपास मानत नसे. खिचडी खाऊन उपास करणाऱ्या शेजारणींना ती तोंडावर विचारी, की मग जेवण कशाला म्हणता? गोळीसुद्धा तिने नुसत्या पाण्याबरोबर घेतली होती. म्हणजे आकडा असला तर सकाळपेक्षा खालीच असणार. वर आला, की मशीन बिघडलेलं.

तिने पेन टोपी लावून मांडीखाली ठेवलं, बोट टोचायच्या कळीत नवी सुई घातली, करंगळीला टोचलं आणि थेंब पट्टीला लावला.

एकशे अठ्ठ्याण्णव.

तिला बरं वाटलं. पकडलं मशीनला. पण बोटाला काही गोड लागलं असेल, असं म्हणायला वैष्णवीला जागा नको, म्हणून तिने बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, पदराला कोरडे केले, दुसऱ्या हाताच्या बोटाला टोचलं.

एकशे चौऱ्याण्णव.

ती आकड्याकडे बघत राहिली. मग तिने तो हात हळूच छातीवर ठेवला. आत कोणी उखळात कांडत असावं, तसं चाललं होतं. सकाळपासून चाललं होतं. पहिल्या फेरीत शेवटच्या वळणावर वैष्णवी जराशी झुकली, तेव्हापासून तर थांबलंच नव्हतं. आणि बायडाबाई एक पाऊलही धावली नव्हती.

बरोबर अकरा पंचवीसला वैष्णवी समोर येऊन बसली. तिने हात धुतले, बोट पुढे केलं. बायडाबाईनेच टोचलं. दोघी पडद्यावर वाकल्या. मशीनने पाच आकडे उलटे मोजले.

दोनशे एक्केचाळीस.

वैष्णवीने श्वास सोडला आणि सासूच्या तोंडाकडे पाहिलं. ती आता काय म्हणणार, मशीन म्हणणार की केळं म्हणणार, ह्याची वाट पाहत राहिली. बायडाबाईने मांडीखालचं पेन काढलं, कळ उलटी फिरवली. चार टकटक. खिडकीत शून्य आलं. पेन तिने पिशवीत सगळ्यात खाली ठेवलं.

“बुटाची नाडी सुटलीय,” ती म्हणाली. “तोंड काय बघतीस?”

बाराच्या शर्यतीला बायडाबाई कठड्यापाशी उभी राहिली. बंदुकीचा आवाज झाला, तेव्हा तिने डोळे मिटले. उघडले, तेव्हा आठही पोरी शेवटच्या वळणावर होत्या. मैना पुढे होती. तिच्यामागे हातभर अंतर ठेवून वैष्णवी आली आणि रेषेपलीकडे जाऊन गुडघ्यांवर कोसळली. बायडाबाईचा हात पिशवीत गेला, ग्लुकोजच्या पुड्यावर. पण वैष्णवी वर बघत होती. हसत होती. माईकवर तिचं नाव दुसरं घेतलं.

सतरंजीवर येऊन तिने आधी बोट टोचलं. तीनशे सहा. तिने मशीन पुढे केलं आणि वाट पाहिली.

बायडाबाईने घड्याळाकडे पाहिलं.

“पाणी पी. तासाभरानं बघू.”

पाण्याचे घोट घेत वैष्णवी मशीनचं बटण दाबून मागचे आकडे बघू लागली. ते ती नेहमी वहीत उतरवून घेई. तीनशे सहा. दोनशे एक्केचाळीस. त्याच्या मागे एकशे चौऱ्याण्णव आणि एकशे अठ्ठ्याण्णव, अकरा वाजून बारा आणि नऊ मिनिटांचे. तेव्हा ती भिंतीला पाय लावून पडली होती.

तिने बाटली खाली ठेवली. सासूचे दोन्ही हात पदराखाली होते.

“आई,” ती म्हणाली, “काय खाल्लंत?”

“काही नाय,” बायडाबाई म्हणाली. मग ती मैदानाकडे बघू लागली, जिथे आता काहीच चाललेलं नव्हतं. तिने पदराखालचा एक हात बाहेर काढला, करंगळीवर ठिपका असलेला, आणि वैष्णवीच्या बुटांची नाडी सैल करायला घेतली.