काजळीचं नवं रक्त

रक्ताची पहिली बाटली भरली तेव्हा काजळी माझ्या छातीइतकी उंच झाली आणि खोली तेवढीच अरुंद झाली. कोणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही.

काजळी माझी मेंढी. संशोधन केंद्रानं तिला रक्त तपासायला मागवली होती. काम झालं की परत, या बोलीवर मी कागदावर अंगठा लावला होता. डॉक्टर उपासनी रोज बाटली भरायचे. रोज ती वाढायची, भिंती जवळ यायच्या. भरलेल्या बाटल्या फळीवरून ओरडायच्या, अगदी तिच्याच आवाजात.

एक दिवस डॉक्टर म्हणाले, "ठकूबाई, तुमची मेंढी घेऊन जा." आणि बाटल्यांचा क्रेट माझ्यापुढे सरकवला.

"आन ही?" मी काजळीच्या पाठीवर हात ठेवला.

"ही आमची. रक्त गेलं की मेंढीच्या अंगात नवं तयार होतं. त्यातलं लाल द्रव्यच निराळं असतं, प्राणवायू लवकर सोडतं. तुम्ही आणलेल्या मेंढीशी हिचं रक्त जुळत नाही."

"कानाची खाच बगा की! म्या सवता कातरलीय."

"कान आम्ही तपासत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एव्हाना आमचे गुडघे एकमेकांना टेकत होते. मी पदर खोचला आणि हात पुढे केला.

"माजं बी काडा."

डॉक्टरांना रक्ताला नाही म्हणता येत नसे. बाटली भरली. छत माझ्या डोक्याला लागलं. अंगात नवं रक्त चढत असल्याचं मला ऐकू येत होतं.

"आता अंगठा लावनारी ठकूबाई त्या बाटलीत हाय," मी म्हटलं. "कागदाचं काय ते तिला इचारा. म्या तिची कोन न्हाई. म्या चालले माजी मेंढी घिऊन."

डॉक्टरांनी बाटली कानाशी धरली. बाटलीतून हाक आली, ड्रुर्र, ड्रुर्र. माझीच हाक, जिला काजळीनं कधी पाठ दाखवली नव्हती. क्रेटमधल्या साऱ्या बाटल्या खणखणत त्या बाटलीकडे धावल्या. काजळी जागची हलली नाही. तिला ती हाक ओळखूच आली नाही.

मला हसू आलं. मी तोंड उघडलं. जी हाक बाहेर पडली ती मीही आजवर ऐकली नव्हती.

काजळीनं झटक्यात मान वर केली.

दार आता तिच्या कानाच्या खाचेएवढं उरलं होतं. मी तिच्या लोकरीत दोन्ही मुठी आवळल्या आणि दाराकडे तोंड करून पुन्हा तीच हाक मारली.