फुकटचा फेरा

"काका, तुमच्या पायाला भिंगरी आहे का हो?" नकाशावर वाकलेल्या कॅप्टन मॅडमनी विचारलं आणि सगळे हसले.

लष्कराच्या त्या कोठारात नवी पद्धत आली होती. मागणी आली की माल कमीत कमी हातांतून झटपट बाहेर पडायचा. फुकटचा साठा नको आणि फुकटचं चालणं तर नकोच. म्हणून मॅडमनी कोठाराचा नकाशा टेबलावर पसरला होता. काका, म्हणजे इथले जुने स्टोअरकीपर, दिवसभर जिथे जिथे गेले तिथे टाचण्या खोचून त्यांवरून निळा दोरा फिरवला होता. बुटांच्या रॅककडे दोरा, तंबूंकडे दोरा, इथवर ठीक होतं. पण एक फेरा थेट मागच्या कोपऱ्यात जाऊन तसाच रिकाम्या हाताने परत येत होता.

"तिथे जवानांच्या परत आलेल्या पेट्या असतात ना? मग रोज कशाला जाता?"

"जातो असाच."

"हेच ते वाया जाणारं चालणं, काका."

मॅडमच्या बोलण्यात खोट नव्हती. माल वेळेत पोचला नाही की आघाडीवर काय होतं, ते त्या बघून आल्या होत्या. काकांनाही पद्धत पटली होती. ज्याच्या घरचं कुणी आघाडीवर गेलेलं असतं, त्याला ती पटतेच.

कोपऱ्यातली एक हिरवी पत्र्याची पेटी काकांच्या मुलाची होती. चौकी पडली तेव्हा तो बेपत्ता झाला आणि मागच्या तळावर राहिलेली पेटी तेवढी परत आली. काका ती घरी आणणार म्हटल्यावर बायकोने साफ सांगितलं होतं, "ज्याची पेटी तो आणेल. तुम्ही हात लावायचा नाही." तेव्हापासून तिने दाराला आतून कडी लावू दिली नव्हती. पोरगा आला तर त्याला ताटकळावं लागू नये. काकांची आशा कधीच संपली होती. ते नुसते पेटीवर हात ठेवून परत येत.

मग लाल चिठ्ठ्या आल्या. वर्षभर न हललेल्या प्रत्येक वस्तूला एक. आठवड्यात कुणी नेली नाही तर विल्हेवाट. पेट्यांना चिठ्ठ्या काकांनीच चिकटवल्या.

कोठारातल्या हमालाला सगळे पैलवान म्हणत, अंगावर मूठभर मांस नव्हतं म्हणून. तो तणतणला, "पेटी पोराची आहे म्हणून मॅडमना सांगा की! त्यांना काय स्वप्न पडणारे?"

"एक ठेवली तर सगळ्याच ठेवाव्या लागतील. प्रत्येक पेटीला बाप असतोच."

"बाकीचे बाप इथे नोकरीला नाहीत!"

"म्हणूनच तर."

त्या संध्याकाळी दोघांनी पेटी उचलून घरी नेली. बायको ओट्यापाशी होती. तिने वळून बघितलं.

"कुणी सांगितलं आणायला?"

"टाकून देणार होते गं."

ती हात पुसत पेटीपाशी आली. मग म्हणाली, "ती चिठ्ठी काढा आधी."

पैलवान पाणीही न पिता निघून गेला. ती रडेल, भांडेल, असं काकांना वाटलं होतं. रडली असती तर बरं झालं असतं. तिने मुकाट्याने जेवायला वाढलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी नकाशावर पुन्हा तोच दोरा फिरवला. या वेळी चांगला हातभर उरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पैलवान तेवढा बाहेर निघून गेला. मॅडमनी उरलेला दोरा कापून काकांच्या हातात दिला. "घ्या काका, एवढं चालणं वाचलं तुमचं."

"थँक्यू मॅडम," काका म्हणाले. दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला.

घरी पोचल्यावर त्यांनी सवयीने दार ढकललं. उघडलं नाही. पुन्हा ढकललं. आतून कडी लावलेली होती.

काका पायरीवर जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी आपल्याच घराचं दार वाजवलं.