अर्धी मोट

यशोदाबाईंनी डोमाजींच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि डॉक्टरांच्या टेबलावर आदळला. आंजीहून वर्ध्याच्या दवाखान्यापर्यंत तो त्यांनी एसटीतून पुरावा म्हणून आणला होता.

"इचारा याइले, दिवसातून किती ढोसतात!"

डोमाजींना धाप लागली होती, सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. तरी चेहऱ्यावर आज्ञाधारक रोग्याचं समाधान होतं.

"तुमीच म्हनलं होतं, साहेब. दिल जितकं भरते, तितकं जोरानं फेकते. मी भरून राह्यलो."

तरुण डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मोट हाकण्यात हयात घालवलेल्या माणसाला समजावं म्हणून मागच्या खेपेला त्यांनीच हौसेनं मोटेचा दाखला दिला होता. आता तो निस्तरायचा होता.

"ते धडधाकट हृदयाचं, डोमाजी. तुमचं ताणून ताणून सैल पडलंय. भरतं भरपूर, फेकतं थोडं. बाकीचं मागे तुंबतं, छातीत, पायांत. आणखी भराल तर जिवावर बेतेल. पाणी मोजकं, मीठ बंद."

"बाकीचं कसं राह्यते? मोट पुरी रिकामी होऊनच खाली जाते."

"चांगल्या हृदयातही थोडं उरतंच."

"मंग थे कामचोर हाये."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. यशोदाबाईंना त्यांची दया आली. त्यांना हे लग्नापासून सवयीचं होतं.

"अजी, आपला हरन्या बैल थकला, तवा त्याले जुंपत होते का तुमी? सोडलाच नं?"

"सोडतो कसा? बुढ्यानं, माह्या बापानं, त्याले बाजारात नेऊन इकला असता. मी अर्धीच मोट भरत होतो."

बोलून झाल्यावर डोमाजी एकदम खिडकीबाहेर पाहू लागले.

यशोदाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. त्या साली पाटाच्या टोकाला त्यांचा कांदा वाळून गेला होता. उन्हाळाभर त्या भांडल्या होत्या, आणि उन्हाळाभर डोमाजींचं एकच उत्तर होतं.

परतीच्या एसटीत तांब्या त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवला.

संध्याकाळी जेवताना डोमाजींनी पेला पुढे केला. यशोदाबाईंनी तो अर्धा भरला. पेला तसाच पुढे राहिला. डोमाजींनी त्यांच्या हातातल्या, अजून बराच भरलेल्या तांब्याकडे पाहिलं.

यशोदाबाईंनी तांब्या पाठीमागे ठेवला.

"पुरे," त्या म्हणाल्या आणि त्या उन्हाळ्यातलं त्यांचंच उत्तर त्यांना परत केलं. "इहीर आटली."