नजरकाकांचा पांढरा

मासिकाच्या कार्यालयातली शेवटची खोली करडी होती. भिंती करड्या, छत करडं, टेबलं करडी. आत जाणाऱ्याने दारामागच्या खुंटीवरचा करडा कोट अंगात चढवायचा, असा नियम होता. कुणी लाल शर्ट घालून आत आला तर त्याची झाक पडद्यावर पडते आणि बिचाऱ्या मॉनिटरवर उगाच तांबूसपणाचा आळ येतो. दर वर्षी बाजारात आलेले एलसीडी मॉनिटर या खोलीत ओळीने मांडले जायचे. चित्र, खेळ आणि व्हिडिओ या तीन कसोट्यांवर त्यांची तुलना व्हायची, आणि वार्षिक अंकात गुण छापून यायचे. घर घेताना करत नाहीत इतकी चौकशी लोक मॉनिटर घेताना करतात, त्यामुळे हा अंक हातोहात खपायचा.

खेळाची कसोटी एका तरुण सहायकाकडे होती. त्याला सगळे गोळीबार म्हणत. तो पडद्यावर शत्रूंना टिपत बसायचा. जिंकला की मॉनिटर चपळ, हरला की मॉनिटर ढिम्म. मागे त्याला सर्दी झाली होती, तेव्हा दोन चांगले मॉनिटर नापास झाले. व्हिडिओची कसोटी खुद्द संपादक घ्यायचे. आरामखुर्चीत बसून चित्रपट लावायचा. झोप लागली तर ‘डोळ्यांना आराम देणारा’, नाही लागली तर ‘खिळवून ठेवणारा’. दोन्ही शेरे चांगलेच असल्यामुळे कंपन्या संपादकांवर खूश असत.

पण मासिकाचा दबदबा होता तो चित्राच्या कसोटीमुळे, म्हणजे नजरकाकांमुळे.

काकांची पद्धत साधी होती. पडद्याशेजारी दिव्याच्या उजेडात एक कोरा कागद ठेवायचा आणि कागदाचा पांढरा आणि पडद्याचा पांढरा एकजीव होईपर्यंत बटणं फिरवत राहायचं. मग लाल, हिरव्या आणि निळ्याचे जे आकडे येतील ते छापायचे. वाचक घरोघरी तेच आकडे लावून घेत. खोलीत मोजमापाचं यंत्रही होतं आणि ते चालवायला पदार्थविज्ञान शिकलेली एक बाईही होती, मीटरताई. पण काकांनी पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवलं होतं की मीटर सांगतो आणि डोळा ठरवतो.

बरीच वर्षं दोघांचं जमलं. मग मीटर कुरकुरायला लागला. काका ज्याला पांढरा म्हणत, त्याला तो निळसर म्हणू लागला. काका म्हणाले, म्हातारा झाला. नवा मीटर आणला, तर तोही तेच म्हणाला. तेव्हा दोन्ही मीटर एकाच कारखान्यातले आहेत, असा निष्कर्ष निघाला. रोजच्या या वादापायी मीटरताईला घरी जायला उशीर व्हायचा. शेवटी एका संध्याकाळी तिने मीटरमध्ये एक कायमची सुधारणा भरून टाकली, म्हणजे त्याने जो आकडा मोजला असेल त्यातून निळ्याचं प्रमाण थोडं कमी करूनच तो बोलेल. दुसऱ्या दिवसापासून मीटर काकांच्या शब्दाबाहेर गेला नाही. दर वर्षी फरक वाढायचा, दर वर्षी ती सुधारणाही वाढवायची. हळूहळू हे काम तिच्या इतकं अंगवळणी पडलं की आपण काही करतोय याचाच तिला विसर पडला.

आणि यंदा तर काकांचं नशीब फळफळलं. एका मोठ्या कंपनीने आपल्या नव्या मॉनिटरवर एक खास बटण द्यायचं ठरवलं. ते दाबलं की पडद्यावर थेट नजरकाकांचा पांढरा. बटणाचं नाव ‘नजर’. वार्षिक अंकात काकांनी तो मॉनिटर तपासून पसंतीची सही करायची, एवढंच बाकी होतं. काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंना गुण दिले होते. त्यांच्या नावाची वस्तू ही पहिलीच. दूर राहणाऱ्या मुलीला त्यांनी बटणाचा फोटो इतक्यांदा पाठवला की ती म्हणाली, बाबा, आता अंधारातही मला ते सापडेल.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकत होती. यंदाचे सगळेच मॉनिटर त्यांना धुरकट वाटत होते. त्यावर त्यांनी ‘उद्योगाची घसरण’ असा खरमरीत लेख लिहिला. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात, म्हणजे दिवे निकृष्ट आहेत, अशी तक्रारही पालिकेकडे केली. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या त्या त्यांच्या बायकोने.

“अहो, दिव्यांना कडी, मॉनिटरना धूर, आणि परवा जिन्यात शेजारच्या बाईंना मी समजून तुम्ही रागावलात. सगळं जग एकदम बिघडलं असेल, की बिघाड एकाच ठिकाणी आहे?”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. आधी उजवा करू, महिनाभराने डावा. काकांनी अंकाची तारीख सांगून पाहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू मासिक वाचत नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि काका घरभर हिंडत सुटले. सायीच्या रंगाची समजत होते ती भिंत पांढरी निघाली. बायकोचा तपकिरी स्वेटर जांभळा निघाला, आणि तो तिने घेतला तेव्हापासून जांभळाच होता. उजवा डोळा मिटला की जग जुन्या वर्तमानपत्रासारखं, डावा मिटला की नुकतं धुऊन वाळत घातल्यासारखं. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी समजावलं की डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडतं, निळा प्रकाश अडवतं, आणि हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही.

“म्हणजे दिव्यातल्या कागदापेक्षा पडद्याचा निळा माझ्या डोळ्यात जास्त अडायचा,” काका हळूच म्हणाले, “म्हणून मी तो वाढवत गेलो.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “थेंब चुकवू नका.”

घरी येऊन काकांनी स्वतःचा मॉनिटर लावला. त्यावर अर्थातच त्यांचेच आकडे होते. नव्या डोळ्याने पाहिलं तर पडदा म्हणजे नीळ जास्त झालेला सदरा. बातम्या सुरू होत्या. सांगणाऱ्या बाईचे ओठसुद्धा थंडीने काळेनिळे पडल्यासारखे दिसत होते.

“तुला हे असंच दिसायचं?” त्यांनी बायकोला विचारलं.

“असंच. मी म्हटलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, तुझी नजर तयार झालेली नाही.” ती खुर्ची ओढून शेजारी बसली. “मग मला वाटायला लागलं, ही बाई आजारी असावी. मी काळजी करायचे हो तिची. एवढी आजारी, तरी रोज कामावर येते.”

काकांना हसू येईना आणि रडूही येईना. हजारो घरांत त्यांच्या सांगण्यावरून आजारी माणसं बातम्या देत होती.

ते कार्यालयात गेले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं. गोळीबारने पडद्याकडे पाहिलं, मीटरताईने पाहिलं. दोघांना काकांचा पांढरा पांढराच दिसत होता. रोज तोच पाहून त्यांना बाकीचं जग पिवळट वाटायला लागलं होतं. गोळीबारने अदबीने विचारलं की ऑपरेशनच्या वेळी डोळ्याला काही लागलं बिगलं तर नाही ना. काकांनी मीटर मागितला. तो मागे एका रात्रीत शहाणा कसा झाला होता, ते आता त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यातली सुधारणा काढायला त्यांनी सांगितलं. कुठली सुधारणा, असं मीटरताईने मनापासून विचारलं. मग तिलाच आठवलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली. सुधारणा निघाली आणि मीटरने कितीतरी वर्षांनी खरं सांगितलं. निळा.

संपादकांनी काकांना आपल्या खोलीत नेऊन दार लावलं. मीटर काही म्हणू दे, डोळा ठरवतो असं आपण वर्षानुवर्षं छापत आलोय, आता मीटरचं ऐकलं तर वाचक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. शिवाय कंपनीची खोकी छापून झाली होती आणि त्यांच्यावर काकांचा फोटो होता. ते बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“काका, दुसरा डोळा अजून जुनाच आहे ना?”

“आहे.”

“मग झालं तर. नवा झाका. जुन्याने बघा आणि सही करा. तुमचाच डोळा आहे, खोटं काही नाही त्यात. आणि डाव्याचं ऑपरेशन जरा लांबवा. वार्षिक अंकाचा प्रश्न आहे, काका. तुमच्या बटणाचा प्रश्न आहे.”

काका औषधाच्या दुकानातून काळी झापड घेऊन घरी आले. लबाडी त्यांना कधी जमली नव्हती, पण ही लबाडी आहे की नाही हेच त्यांना ठरवता येईना. जुन्या डोळ्याने पाहिलं तर आपला पांढरा खरोखर पांढरा होता. बटण हवं होतं. फार हवं होतं. बायकोने झापड पाहिली, पण विचारलं काहीच नाही. काकांना तिने विचारलेलं परवडलं असतं.

चाचणीच्या दिवशी कंपनीचा माणूस मॉनिटर घेऊन आला. हसतमुख, गुळगुळीत, आणि करड्या कोटातही महाग दिसणारा. काका उजव्या डोळ्यावर झापड बांधून बसले. त्याने बटण दाबलं.

आणि समोर काकांचा पांढरा आला. मऊ, उबदार, शेजारच्या कागदाशी तंतोतंत जुळणारा. आयुष्यभराच्या कामाचा रंग. संपादकांनी सहीचा कागद हळूच पुढे सरकवला.

काकांनी पेन उचललं, तसंच धरून ठेवलं, मग खाली ठेवलं.

“या डोळ्याला पांढरा आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी झापड काढली आणि डाव्या डोळ्यावर चढवली. “आणि या डोळ्याला निळा. साहेब, सही कुठल्या डोळ्याने करू?”

संपादकांचा चेहरा पडला. गोळीबार छताकडे बघू लागला. मीटरताईने मीटर कोटाच्या खिशात टाकला, जणू त्याने आणखी काही बोलू नये. काकांना वाटलं, संपलं. बटण गेलं, खुर्ची गेली, आणि छातीवरून काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं.

कंपनीचा माणूस मात्र पुढे सरकून बसला होता.

“असं किती लोकांना दिसतं, काका?”

“माझ्या वयाच्या बहुतेकांना थोडंफार.”

“म्हणजे पैसेवाल्या वयाच्या,” तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने टेबलावर थाप मारली. एका माणसाला दोन डोळे असतात आणि आम्ही मूर्खासारखं एकच बटण देत होतो, असं त्याचं मत पडलं. आता दोन द्यायची. ‘नजर परिपक्व’ आणि ‘नजर ताजी’. मॉनिटरची किंमत त्या मानाने वाढेल, ते ओघानेच आलं.

काकांनी सांगून पाहिलं की यातला एक पांढरा चूक आहे. त्यावर तो समजूतदारपणे म्हणाला की चूक हा शब्द ग्राहकाला आवडत नाही. संपादकांच्या चेहऱ्यावर रंग परतला. दोन सह्या घेतल्या गेल्या, एकेक डोळा झाकून, आणि दोन्ही खऱ्या होत्या. काकांना नकार द्यायला जागाच उरली नाही.

वार्षिक अंक निघाला. संपादकांनी ‘दोन डोळे, दोन सत्यं’ असा अग्रलेख लिहिला. मॉनिटर धडाक्याने खपला. ज्यांच्या डोळ्यांत अजून काहीच बिघडलेलं नव्हतं अशी पोरंसोरं, आपल्याला ‘परिपक्व’च भावतो, असं एकमेकांना ऐकवू लागली. गोळीबार ‘ताजी’वर जिंकला आणि ‘परिपक्व’वर हरला, पण त्या दिवशी त्याचं पोट बिघडलं होतं, हे छापायचं राहून गेलं.

अंकापायी लांबवलेली डाव्या डोळ्याची तारीख जवळ आली तसे संपादक काकांच्या घरी येऊन थडकले. बायकोने चहा दिला, तो त्यांनी तसाच बाजूला ठेवला. काकांचा तो डोळा आता मासिकाची ठेव आहे, असं त्यांनी समजावलं. जगातल्या कुठल्याही परीक्षकाकडे दोन मतं नाहीत. काकांसाठी सल्लागाराचं कायमचं पद, निवृत्ती नाही, आणि पुढल्या वर्षी बटणांवर सहीची प्रतिमाही.

“दोन्ही डोळे नवे केलेत तर तुम्हाला मीटरला दिसतं तेच दिसणार, काका. मग तुमच्याकडे राहील काय?”

काकांनी यावर खरंच विचार केला. समोर बायको तोच स्वेटर घालून बसली होती, डाव्या डोळ्याला तपकिरी आणि उजव्याला जांभळी.

“मला नीट दिसेल,” ते म्हणाले.

ठरलेल्या दिवशी त्यांनी डावा डोळाही करून घेतला, आणि पट्टी निघाल्यावर कुठलाही डोळा मिटून पाहिलं तरी स्वेटर जांभळाच राहिला. मासिकाने त्यांना सन्मानाने निरोप दिला.

पुढच्याच अंकात एक जाहिरात आली. काकांनी जवळचा चष्मा लावून ती बायकोला वाचून दाखवली. चित्रपरीक्षक पाहिजे. अनुभव हवा. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत झालेला, पण ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालेल्या उमेदवारास प्राधान्य.

“असा माणूस मिळेल का हो त्यांना?” तिने विचारलं.

“मिळेल की,” काका म्हणाले. “पण महिन्याभराने नवा शोधावा लागेल.”