दोन खिडक्यांमधली मोकळी जागा

मित्रांनो, मी एक जुनी मोकळी जागा आहे. भोरच्या भार्गवीताईंच्या संगणकाच्या पडद्यावर दोन खिडक्यांच्या मधोमध मी राहते. तिथे खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत. फरश्या बसवाव्यात तशा शेजारी शेजारी बसतात. ताईंनी सेटिंगमध्ये माझ्या रुंदीचा एक आकडा लिहिला आणि माझा जन्म झाला.

माझ्या शेजारी नारिंगी किनार राहते. ताई ज्या खिडकीत लिहिणार, तिच्याभोवती ती उजळते. खरे सांगते, मला तिचा फार हेवा वाटतो. येणारा-जाणारा म्हणतो, "काय छान रंग आहे!" मला कोणी कधी काही म्हटले नाही.

एके दिवशी ताईंचा भाऊ शौनक म्हणाला, "ताई, ही फट कशाला? जागा फुकट जातेय."

"असू दे रे. डोळ्यांना बरं वाटतं."

"त्यासाठी खऱ्या खिडकीतून बघ की!" हसत हसत त्याने माझ्या आकड्याचे शून्य केले. किनार मात्र ठेवली! मी सेटिंगमध्ये नुसती धुमसत राहिले.

आता खिडक्या एकमेकींना चिकटल्या. किनारीच्या बाकीच्या बाजू पडद्याच्या काठांत दडल्या आणि मधोमध एकच नारिंगी रेघ उरली. ती डावीची की उजवीची, चटकन कळेना.

ताई शेतकऱ्यांना सल्ला देतात. डाव्या खिडकीत किकवीच्या टोमॅटोवाल्यांचा गट होता, उजव्या खिडकीत वेल्ह्याच्या भातवाल्यांचा. ताईंनी घाईत लिहिले, "साचलेलं पाणी लगेच काढून टाका." निरोप गेला भातवाल्यांना.

किनारीची फजिती बघून मला आनंद झाला. तेवढ्यात वेल्ह्याहून चंद्राबाईंचा फोन आला. त्यांचे वर्षाचे तांदूळ एकाच खाचरात पिकतात.

"ताई, बांध फोडाय घेतलाय म्या. पर भात फुलोऱ्यात हाय, आन् पाऊस तर गेला. पानी खरंच सोडू व्हय?"

"नका, नका! मावशी, आधी बांध बुजवा! तो निरोप टोमॅटोवाल्यांचा होता. चुकलं माझं."

"आगं बया! माज्या खाचरात टमाटी कवा लागली म्हनायची?" पलीकडून चिखल थापल्याचा आवाज आला. "बुजवला बगा. लई न्हाई ग्येलं पानी."

ताईंनी भातवाल्यांना दुरुस्तीचा निरोप धाडला आणि माझा आकडा परत लिहिला. नारिंगी चौकट पुन्हा एकाच खिडकीभोवती स्वच्छ दिसू लागली.

मित्रांनो, ताई अजूनही किनारीकडेच बघतात आणि मी अजूनही जळते. पण दोन ओळींमध्ये, दोन रोपांमध्ये माझ्यासारखी जागा दिसली, तर ती फुकट गेली असे समजून बुजवू नका. आमचे कौतुक केले नाहीत तरी चालेल. एकदा केलेत, तर मात्र फार आवडेल.